पाच वर्षांचा पोरगा ‘ओल्ड’ कसा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात इंग्रजी शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे: “पाचवीला ‘ही इज फाइव्ह इयर्स ओल्ड’ हे वाक्य शिकवत होते. ‘ओल्ड’ म्हणजे म्हातारा, हे मुलांना आधीच पाठ होतं. एक पोरगा उभा राहून म्हणाला, ‘मॅडम, पाच वर्साचा पोट्टा बुढा कसा?’ मी कशीबशी वेळ मारून नेली. घरी येऊन शब्दकोश उघडला, तर एज, एज्ड, ओल्ड, एल्डर, सिनियर, मायनर, एकेकाचे चार-चार अर्थ. हे मुलांपुढे मांडायचं कसं?”

ताई, उद्या वर्गात त्या पोराला सांगा की त्याचा प्रश्न बरोबर होता. आपणच त्याला आधी अर्धी गोष्ट शिकवली होती. ‘ओल्ड म्हणजे म्हातारा’ ही जोडी मीसुद्धा नोकरीची पहिली काही वर्षं फळ्यावर लिहीत आले. दारव्हा-दिग्रस भागातल्या खेड्यांत ३३ वर्षं इंग्रजी शिकवून झाल्यावर आज मी ती कोणाला लिहू देणार नाही.

‘ओल्ड’चा मुळातला अर्थ ‘वाढलेला’. वाढणं, पोसणं अशा अर्थाच्या एका फार जुन्या धातूपासून तो निघाला. त्याच धातूपासून लॅटिनच्या वाटेनं ‘ॲडोलसंट’ म्हणजे वाढीला लागलेला आणि ‘ॲडल्ट’ म्हणजे वाढून झालेला, हे दोन शब्द इंग्रजीत आले. तेव्हा ‘फाइव्ह इयर्स ओल्ड’ म्हणजे पाच वर्षांएवढा वाढलेला. तुमच्या वर्गातल्या प्रत्येक पोराच्या घरी जून-जुलैत हेच बोलणं चालतं: “पऱ्हाटी वीस दिवसाची झाली.” (पऱ्हाटी म्हणजे कपाशी.) इंग्रजीत ती पऱ्हाटी ‘ट्वेंटी डेज ओल्ड’ झाली. तिला कोणी बुढी म्हणत नाही, ती तेवढी वाढली एवढंच.

आपला ‘म्हातारा’ही असाच आला आहे. तो संस्कृत ‘महत्तर’पासून आला, म्हणजे अधिक मोठा, थोर. सज्ञान माणसासाठी इंग्रजीत ‘मेजर’ म्हणतात. तो लॅटिन शब्दही ‘अधिक मोठा’ याच अर्थाचा आणि आपल्या ‘महत्’चा भाऊबंद. दोन्हीकडच्या जुन्या माणसांनी वयाकडे आधी वाढ आणि थोरपण म्हणून पाहिलं, थकवा त्यात नंतर शिरला. हे पाचवीच्या पोराला कळतं. मी सांगून पाहिलं आहे.

आता त्याच वाक्याची दुसरी अडचण. ‘ही इज फाइव्ह इयर्स ओल्ड’ इथे ‘इयर्स’ असतं, पण ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय’ म्हटलं की ‘इयर’ एकवचनी होतं. मुलं इथे हमखास चुकतात. मी बैलबाजाराचा दाखला द्यायचे. गाय-बैलाला समोरचे आठ कायमचे दात खालच्या जबड्यात येतात. ते जोडीजोडीनं येतात आणि पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांत दिसते. म्हणून बाजारात वय विचारत नाहीत, तोंड उघडून पाहतात आणि सांगतात: अदंत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. “बैलाला सहा दात आहेत” म्हणताना आपण दात मोजतो. “सहादाती बैल” म्हणताना ते सहा दात मिळून एकच विशेषण होतं. ‘फाइव्ह-इयर-ओल्ड’चं तसंच आहे. दुमजली घर, चौपदरी रस्ता, पाचवर्षीय पोरगा. एकदा हे लक्षात आलं की मुलं तो ‘एस’ आपण होऊन गाळतात. इंग्रजांनीही दातांवरून वय पाहिलं आहे बरं, पण घोड्याचं. हिरड्या मागे सरून दात लांब दिसायला लागले की घोडं वयस्क समजायचं. म्हणून उतारवयाच्या माणसाला तिकडे ‘लाँग इन द टूथ’ म्हणतात.

‘ओल्ड’ शिकवताना मी शब्दाचे अर्थ सांगायच्या आधी वस्तू सांगायचे. घर, मैत्री, भाकर, भेंडी, माणूस. मराठीत घर जुनं, मैत्री जुनी, भाकर शिळी, भेंडी जून आणि माणूस म्हातारा. इंग्रजीत या सगळ्यांना ‘ओल्ड’ चालून जातं. आपली भाषा इथे जास्त बारीक आहे, हे मुलांना कळू द्या. तुमच्या वर्गातल्या पोरीला ‘ओल्ड फ्रेंड’ असू शकते, पहिलीपासूनची, आणि तिचं वय दहाच असतं. ‘माय ओल्ड टीचर’ या शब्दांत तर खरीच संदिग्धता आहे. ते पूर्वी शिकवणारे सर असतील किंवा वय झालेले सर असतील. मागची-पुढची ओळ वाचल्याशिवाय इंग्रज माणसालाही ते सांगता येणार नाही. उताऱ्यावरच्या प्रश्नांत मुलांचे गुण इथेच जातात, म्हणून अशा ठिकाणी लगेच भाषांतर करू देऊ नका, अख्खा परिच्छेद वाचायला लावा.

आणि एक गोष्ट वऱ्हाडी पोरांना मोफत मिळालेली आहे. “माहा बुढा वावरात गेला” म्हणजे माझे वडील शेतात गेले. बुढा चाळिशीचाही असेल. इंग्रजी बोलीत ‘माय ओल्ड मॅन’ म्हणजे अगदी हेच, वडील किंवा कधी नवरा. पुण्याच्या पोराला हे समजावून सांगावं लागेल, दिग्रसच्या पोराला नाही. वऱ्हाडी बोलतात म्हणून या मुलांना वर्गात गप्प बसवणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांच्या तोंडी इंग्रजीच्या कितीतरी किल्ल्या आहेत.

‘एज’कडे येते. ‘एज म्हणजे वय’ हे चुकीचं नाही, पण वय मोजायच्या आपल्या आणि त्यांच्या रीती वेगळ्या आहेत. आपण चालू वर्ष सांगतो: “अठरावं लागलं.” इंग्रजी फॉर्म सरलेलं वर्ष विचारतो: ‘एज इन कम्प्लिटेड इयर्स’. अठरावं लागलं म्हणजे सरलेली वर्षं सतराच. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका भरतीचा फॉर्म घेऊन गावातला पोरगा आला. वय विचारलं तर म्हणाला, “अठरावं लागलं मॅडम.” मी ‘एटीन’ लिहून दिलं. जन्मतारीख पाहायचं सुचलं नाही. पोरगा उसने पैसे घेऊन जिल्ह्याच्या मैदानावर गेला आणि कागद तपासणीतच परत आला. चूक माझी होती, दुसऱ्या कोणाची नाही. तेव्हापासून कोणाचाही फॉर्म भरताना आधी ‘अठरावं की अठरा पूर्ण?’ हे विचारते. विम्याच्या कागदांवर तर ‘एज निअरेस्ट बर्थडे’ असाही प्रकार असतो. मागचा आणि पुढचा वाढदिवस यांतला जो जवळ, त्याचं वय धरायचं. एकाच माणसाची एकाच दिवशी दोन वयं निघतात ती अशी. ‘१८ अँड अबव्ह’ आणि ‘अबव्ह १८’ यांतही एक अख्खं वर्ष अडकलेलं असतं. ते उदाहरण फळ्यावर रेघ ओढून दाखवा.

पण फॉर्मवरचं वय नेहमी खरं असतं का? आपल्याकडच्या मागच्या पिढीच्या किती जणांचा वाढदिवस १ जुलैला येतो ते गावात विचारून बघा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते. आई पोराला घेऊन यायची आणि “मोठ्या पुरात झाला” किंवा “पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला” एवढं सांगायची. गुरुजी सहा वर्षं बसतील अशी तारीख दाखल-खारीज रजिस्टरला लिहून टाकायचे. माझीही तीच तारीख आहे. माझा खरा जन्म कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत सापडला, तीन महिने मागे. आईच्या पोळ्या-पुराच्या हिशेबात आणि इंग्रजीतल्या ‘डेट ऑफ बर्थ’मध्ये एका पिढीचं आयुष्य गेलं आहे, म्हणून हा भाग मी कधी घाईनं शिकवला नाही.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लांब लिहायला बसले तो शब्दप्रयोग: ‘कम ऑफ एज’.

याचा शब्दश: मराठी अवतार आपल्याकडे तयारच आहे: ‘वयात येणे’. आणि तोच सर्वात घातक आहे. मराठीत मुलगी वयात आली म्हणजे तिला पाळी सुरू झाली. ती बारा-तेरा वर्षांची असते. इंग्रजी कायद्याच्या भाषेत ‘कम ऑफ एज’ म्हणजे सज्ञान झाली, आणि भारतीय सज्ञानता कायदा, १८७५ प्रमाणे त्याला १८ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. दोन्हीच्या मध्ये पाच-सहा वर्षं आहेत. त्याच पाच-सहा वर्षांत आपल्या भागात पोरीचं लग्न उरकायची घाई होते. एका संस्थेचं जनजागृतीचं पत्रक एकदा माझ्या हातात आलं. मूळ इंग्रजीत मुलगी ‘कम ऑफ एज’ झाल्यावरच तिच्या लग्नाचा विचार करा असं होतं. भाषांतरात छापलं होतं: “मुलगी वयात आल्यावरच लग्नाचा विचार करा.” बालविवाह थांबवायला काढलेल्या कागदानं त्याच्याच बाजूनं कौल दिला. मी फोन करून ते सांगितलं, कागद परत घेतले गेले. पण जिथे कोणी वाचून थांबवलं नसेल तिथे काय झालं असेल, हा विचार जात नाही.

म्हणून आठवीच्या पुढच्या वर्गात हा शब्दप्रयोग आला की संकोच करू नका. मुलं-मुली एकत्र असतानाच सांगा: वयात येणं ही शरीराची गोष्ट, सज्ञान होणं ही कायद्याची. ‘अंडरएज’ म्हणजे कायद्यानं ठरवलेल्या वयाखाली. त्याचा शरीराच्या वाढीशी संबंध नाही. शरीराच्या त्या टप्प्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, ‘प्युबर्टी’. मी हे शिकवायला लागले तेव्हा नववीतल्या एका मुलीनं घरी जाऊन तेच आजीला सांगितलं. आजी दुसऱ्या दिवशी शाळेत आली. भांडायला आली असेल असं वाटलं, पण ती विचारायला आली होती: “मंग मॅडम, कायद्यात इचं वय कधी होते?” मी तारीख काढून कागदावर लिहून दिली.

कायद्याचे बाकीचे शब्द यानंतर सोपे जातात. ‘मायनर’ म्हणजे लॅटिनमध्ये अधिक लहान, कमी. आपण त्याला अज्ञान म्हणतो. सातबारावर लहान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहून आईचं नाव असतं, ते ‘अज्ञान पालनकर्ता’. इंग्रजी शब्द आकार पाहतो, मराठी शब्द समज पाहतो, पण सांगायचं दोघांनाही एकच आहे. ‘चाइल्ड’ मात्र सांभाळून. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये ‘चाइल्ड’ म्हणजे ६ ते १४ वर्षांचं मूल. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये १८ पूर्ण न झालेलं कोणीही. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ मध्ये मुलगी १८ पर्यंत, पण मुलगा २१ पर्यंत ‘चाइल्ड’. म्हणजे वीस वर्षांचा पोरगा मतदान करून येतो आणि लग्नाच्या कायद्यापुढे तो बालकच असतो. मुलांना यात गोंधळ वाटतो, पण बातमी वाचताना ‘कोणत्या कायद्यातलं मूल?’ हा प्रश्न त्यांना पडायला लागला की अर्धं काम झालं. घरात तर ‘माय चाइल्ड’ चाळीस वर्षांचंही असतं. आपली आई नाही का पन्नाशीच्या माणसाला “माहं लेकरू” म्हणत?

‘इन्फंट’चा मूळ अर्थ ‘न बोलणारं’. आपण त्याच बाळाला तान्हं म्हणतो, अंगावर पिणारं. थोडं मोठं झालं की इंग्रजीत ते ‘टॉडलर’, डुगडुगत चालणारं.  आणि गंमत म्हणजे इंग्लंडच्या कायद्यात १९६९ पर्यंत २१ पूर्ण न झालेल्या कोणालाही ‘इन्फंट’ म्हणायचे. जुन्या इंग्रजी कागदात ‘इन्फंट, एज्ड नाइन्टीन’ दिसलं तर छपाईची चूक समजू नका.

याच ‘एज्ड’चे उच्चार दोन. पुढे आकडा असेल तर ‘एज्ड’, एका दमात. ‘ॲन एजिड वुमन’ म्हणजे वृद्ध बाई, तिथे उच्चाराचे दोन तुकडे, ए-जिड. मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय हे बसत नाही.

‘एल्डर’ आणि ‘सिनियर’वर फार वेळ घालवू नका, दोनच गोष्टी पुरतात. ‘एल्डर’ घरातल्या माणसांसाठी, नामाच्या आधी: ‘माय एल्डर ब्रदर’. तुलना करताना मात्र ‘ओल्डर दॅन मी’. ‘एल्डर दॅन’ कधीच नाही. आपला ‘वडील’ हा शब्द असाच. ‘वडील भाऊ’ म्हणजे थोरला भाऊ, आणि त्याच शब्दाचा आता बाप झाला. ‘सिनियर’नंतर ‘टू’ येतो, ‘दॅन’ नाही. ‘सिनियर’ नेहमी वयाचं सांगत नाही, नोकरीत तो रुजू तारखेचा असतो. मी रुजू झाले तेव्हा माझ्याहून चार वर्षांनी लहान शिक्षिका मला सिनियर होत्या आणि मी त्यांना ताई म्हणायचे. ‘सिनियर सिटिझन’चाही एकच आकडा नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा, २००७ मध्ये तो ६० आहे, पण एसटीत अर्धं तिकीट ६५ पासून आणि ७५ पासून प्रवास मोफत, तोही २०२२ पासून. साठीची आजी “मी सिनियर आहे” म्हणून कंडक्टरशी वाद घालते, त्यात तिची चूक नाही. शब्द एकच आहे, नियम दोन आहेत.

‘एज’चा अर्थ युग, हे मुलांना उदाहरणाशिवाय पटत नाही. नववीतल्या एका मुलानं ‘मिडल एजेस’चं भाषांतर ‘मध्यमवयीन लोक’ केलं होतं. ते ‘मिडल-एज्ड’ झालं असतं, ‘मिडल एजेस’ म्हणजे मध्ययुग. मी त्याला नागपूरजवळच्या जुनापाणीची गोष्ट सांगितली. तिथे दगडांची शेकडो वर्तुळं आहेत, लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी मांडलेली. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात ती खणून पाहिली. लोहयुग म्हणजे ‘आयर्न एज’. लोखंडाचं वय असा त्याचा अर्थ नाही, लोखंड वापरायला लागल्याचा काळ. आणि गावाच्या नावातच ‘जुना’ आहे, ते मुलं आपणहून हेरतात. ‘आय हॅव्हन्ट सीन यू फॉर एजेस’ मध्ये युगं मोजायची नाहीत. “कित्येक दिवस झाले, दिसला नाहीस” इतकंच.

वेळ उरला तर भाऊबंदकीही सांगा. ‘एज’ लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेनं आला, आणि त्याच्या मुळाशी जो धातू आहे त्यातूनच आपलं ‘आयुष्य’. ‘सिनियर’ ज्या शब्दातून निघाला त्याचा संस्कृत भाऊ ‘सन’, म्हणजे जुना, ज्यातून ‘सनातन’. ‘ज्युनिअर’ आणि ‘युवा’ एका घरचे. म्हाताऱ्यांच्या आजारांच्या शास्त्राला ‘जेरिॲट्रिक्स’ म्हणतात, त्यातला पहिला अर्धा भाग आपली ‘जरा’, आणि ‘जुना’ही त्याच कुळातला. सर्वात आवडतं मला एक: ‘व्हेटरन’, मुरलेला अनुभवी माणूस. त्याच्या मुळाशी ‘वर्ष’ या अर्थाचा जुना शब्द आहे. त्याच शब्दातून संस्कृत ‘वत्सर’, आणि ‘वत्स’ म्हणजे वर्षाचं वासरू. आपलं ‘वासरू’ तिथूनच आलं. एकाच मुळातून एकीकडे अनेक वर्षं पाहिलेला म्हातारा शिपाई आणि दुसरीकडे जेमतेम वर्षाचं वासरू. शाळेत हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावर कधी न बोलणारा एक पोरगा म्हणाला, “मंग आमचा बुढा व्हेटरन अन् मी वासरू.”

तुमच्या त्या पोराला सोमवारी एवढंच काम द्या. घरच्या गोठ्यात, कोंबड्यांच्या खुराड्यात, शेजारच्या घरात, सर्वात नवा जीव कोणता ते पाहून ये आणि त्याचं वय इंग्रजीत लिहून आण. माझ्या वर्गातली एक मुलगी असं लिहून आली होती: ‘अवर काफ इज थ्री डेज ओल्ड.’ वहीच्या मागच्या पानावर तिनं वासराचं चित्र काढलं होतं, कान उभे, पाय वाकडे.